बाळाला जुलाब लागले तर जलसंजीवनी कधी, किती आणि कशी द्यायची?

सकाळपासून बाळाला चार-पाच वेळा पाण्यासारखी शी झाली की घरात सगळ्यांचे सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, दूध बंद करा. कुणी म्हणतं, दात येत आहेत, आपोआप थांबेल. कुणी मेडिकलमधून जुलाब थांबवणारं औषध आणायला धावतं, तर कुणी टेट्रापॅकमधलं गोड पेय घेऊन येतं. बाळाला या वेळी खरी गरज असते ती शरीरातून गेलेलं पाणी आणि क्षार परत मिळण्याची. त्याचं साधन म्हणजे जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस. एक साधं पाकीट आणि स्वच्छ पाणी एवढंच त्याला लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगात पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४० हजार मुलं दरवर्षी अतिसाराने दगावतात. यातले बरेच मृत्यू शरीरातलं पाणी आणि क्षार कमी झाल्यामुळे होतात आणि ते टाळता येण्यासारखे असतात.

जुलाब कशाला म्हणायचं?

२४ तासांत तीन किंवा त्याहून जास्त वेळा पातळ, पाण्यासारखी शी होणं म्हणजे जुलाब. मात्र फक्त अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाला दिवसातून अनेकदा पिवळसर, मऊ, थोडी दाणेदार शी होऊ शकते. बाळ नीट पीत असेल, वजन वाढत असेल, खेळकर असेल तर ते जुलाब नाहीत. रोजच्यापेक्षा शी अचानक जास्त वेळा आणि जास्त पातळ होऊ लागली, तर मात्र लक्ष द्यायला हवं.

‘दाताचे जुलाब’ हा समज आजही घट्ट आहे. दात येण्याच्या वयातच बाळ रांगू लागतं, हाताला येईल ते तोंडात घालतं आणि वरचं अन्न सुरू होतं. आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक शक्तीही याच सुमारास कमी होत जाते. त्यामुळे पोटात जंतू जाण्याचं आणि दात येण्याचं वय एकच पडतं. दातांवर खापर फोडलं की उपचाराला उशीर होतो.

जलसंजीवनी काम कशी करते?

जुलाबात आतडं पाणी आणि क्षार धरून ठेवू शकत नाही. नुसतं पाणी पाजलं तर त्यातलं बरंचसं शीवाटे निघून जातं आणि गेलेले क्षारही भरून निघत नाहीत. पण आतड्यात एक यंत्रणा अशी असते की ग्लुकोज आणि सोडियम ठरावीक प्रमाणात एकत्र आले, तर ती दोन्ही आत ओढून घेते आणि त्यांच्यामागे पाणीही आत येतं. बहुतेक वेळा जुलाब चालू असतानाही ही यंत्रणा काम करत राहते.

या शोधाची मोठी परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांना तोंडाने द्यायला सुरुवात केली. पाजण्याचं काम बऱ्याचदा नातेवाईकच करत होते. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. महालनबीस यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

आज वापरात असलेलं सूत्र जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ साली सुधारलेलं आहे. १ लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असं त्याचं प्रमाण आहे.

पाकीट कसं कालवायचं?

- हात साबणाने धुवावेत. भांडं आणि चमचा स्वच्छ असावा.
- पाकिटावर किती पाणी घालायचं ते आधी वाचावं. भारतात १ लिटरचं मोठं (सुमारे २१ ग्रॅम) आणि २०० मिलिलिटरचं छोटं (सुमारे ४ ग्रॅम) अशी दोन्ही पाकिटं मिळतात.
- पिण्याचं पाणी उकळून गार करून घ्यावं आणि त्यात अख्खं पाकीट एकदम घालावं.
- त्यात साखर, मीठ, दूध किंवा फळांचा रस मिसळू नये. कालवल्यावर ते उकळू नये.
- झाकून ठेवावं. २४ तासांनंतर उरलेलं टाकून द्यावं आणि नवं करावं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मोठ्या पाकिटातली चमचाभर पावडर अंदाजाने पेल्यात घालणं. पाणी कमी पडलं तर मिश्रण खारट आणि दाट होतं, रक्तातलं सोडियम वाढून बाळाला झटके येण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पाणी जास्त झालं तर क्षार पुरेसे मिळत नाहीत. मोजमापासाठी १ लिटरची पाण्याची बाटली घरात असतेच, तीच वापरता येते.

पाकीट मिळेपर्यंत घरच्या घरी १ लिटर पाण्यात सपाट भरलेले ६ छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ घालून द्रावण करता येतं. चमचा साधारण ५ मिलिलिटरचा, म्हणजे चहाचा. ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. यात पोटॅशियम नसतं, म्हणून ही तात्पुरती सोय आहे. पाकीट मिळालं की तेच वापरावं.

किती आणि कसं पाजायचं?

- २ महिन्यांखालचं बाळ: आईचं दूध चालू ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्यावं, जलसंजीवनी त्यांच्या सल्ल्याने द्यावी.
- २ महिने ते २ वर्षं: प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला.
- २ वर्षांवरचं मूल: प्रत्येक पातळ शीनंतर १०० ते २०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा ते एक पेला.

लहान बाळाला वाटी-चमच्याने दर एक-दोन मिनिटांनी एकेक चमचा द्यावं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, कारण तो धुवायला सोपा असतो. मोठं मूल पेल्याने घोट घोट पिऊ शकतं.

बाळाने उलटी केली तर आईबाबा घाबरून पाजणं थांबवतात. तसं करू नये. १० मिनिटं थांबावं आणि पुन्हा सुरुवात करावी, पण या वेळी दोन-तीन मिनिटांनी एक चमचा इतकं सावकाश. एकदम अर्धी वाटी पाजल्यावर उलटी होणारं बाळ चमच्याचमच्याने दिलेलं बरेचदा पोटात ठेवतं.

जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत. ते साधारण तीन ते सात दिवस चालू शकतात. ‘दोन पाकिटं दिली, काही उपयोग नाही’ असं म्हणून बरेच जण ती देणं सोडतात आणि तिथेच गडबड होते. बाळाला लघवी होतेय, तोंड ओलं आहे, ते खेळतंय, याचा अर्थ जलसंजीवनी तिचं काम करतेय. जुलाब थांबेपर्यंत ती देत राहावी.

टेट्रापॅकमधलं गोड पेय चालतं का?

नाही. फळांच्या रसात आणि कोल्ड्रिंकमध्ये लिटरमागे साधारण १०० ग्रॅम साखर असते. जलसंजीवनीत ग्लुकोज असतं फक्त १३.५ ग्रॅम. इतकी साखर आतड्यात गेली की ती पाणी बाहेर खेचते आणि जुलाब वाढतात. शिवाय या पेयांत सोडियम फारच कमी असतं.

अशी काही पेयं नावात ‘ओआरएस’ लावून मेडिकलमध्ये वर्षानुवर्षं विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात हा शब्द वापरण्याची परवानगी काढून घेतली. तरीही विकत घेताना वेष्टनावर ‘डब्ल्यूएचओ’चं सूत्र लिहिलेलं आहे का, हे पाहावं. तयार द्रावणाचं टेट्रापॅक घ्यायचं असेल तरी हीच खूण तपासावी.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी असतं. सहा महिन्यांवरच्या मुलाला ते जोडीला द्यायला हरकत नाही, पण जलसंजीवनीच्या जागी नाही. ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवून दिली तरी क्षारांची उणीव तशीच राहते.

दूध आणि जेवण बंद करायचं का?

‘पोटाला आराम द्या’ हा सल्ला जुना आहे आणि चुकीचा आहे. उपाशी ठेवलेलं मूल अशक्त होतं आणि आतडं बरं व्हायला वेळ लागतो. अंगावर पिणाऱ्या बाळाला नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजावं. वरचं दूध चालू असेल तर तेही पाणी न मिसळता चालू ठेवावं. सहा महिन्यांखालच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय फक्त जलसंजीवनी आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध द्यावं. साधं पाणी, ताक, पेज असं काही देऊ नये.

सहा महिन्यांवरच्या मुलाला मऊ वरण-भात, मुगाच्या डाळीची खिचडी, दही-भात, कुस्करलेलं केळं थोडं थोडं, पण जास्त वेळा द्यावं. खिचडीत चमचाभर तूप किंवा तेल घातलेलं चालतं. किंचित मीठ घातलेली तांदळाची पेज किंवा ताकही देता येतं. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त दिलं तर घटलेलं वजन भरून निघतं.

झिंक कशासाठी?

जलसंजीवनीबरोबर झिंकच्या गोळ्या दिल्या तर जुलाबाचे दिवस आणि जोर कमी होतो, आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही घटते. सरकारी कार्यक्रमानुसार २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅमची अर्धी गोळी, आणि ६ महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम देतात. गोळी चमच्यात आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून द्यावी. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी १४ दिवसांचा कोर्स पूर्ण करावा. जलसंजीवनीची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळतात.

मोठ्यांची जुलाब थांबवणारी गोळी लहान मुलांना कधीच देऊ नये. तिने आतड्याची हालचाल मंदावते आणि गंभीर त्रास होऊ शकतो. मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात, म्हणून अँटिबायोटिकही मनाने देऊ नये.

दवाखान्यात कधी न्यायचं?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसलं तर वाट पाहू नये:

- बाळ सुस्त पडलंय, जागं होत नाही किंवा झटके येतायत.
- पिऊ शकत नाही, किंवा घेतलेलं सगळं उलटून पडतंय.
- सहा ते आठ तासांत लघवी झालेली नाही.
- डोळे किंवा टाळू खोल गेलीय, तोंड कोरडं आहे, रडताना अश्रू येत नाहीत.
- पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश जागेवर जाते.
- शीमध्ये रक्त आहे, किंवा उलटी हिरवी होतेय.
- ताप जास्त आहे किंवा उतरत नाही.
- बाळ २ महिन्यांपेक्षा लहान आहे, किंवा फार अशक्त आहे.

वाटेतही चमच्याने जलसंजीवनी देत राहावं. मात्र बाळ शुद्धीवर नसेल किंवा गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नये. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर फोन करता येतो. लक्षणं गंभीर नसली तरी दोन दिवसांत सुधारणा दिसली नाही तर डॉक्टरांना दाखवावं. १४ दिवसांहून जास्त चाललेल्या जुलाबासाठी वेगळ्या तपासण्या लागतात.

पुन्हा होऊ नये म्हणून

रोटाव्हायरस हे लहान मुलांच्या तीव्र जुलाबाचं मोठं कारण आहे. त्याची लस सरकारी लसीकरणात ६, १० आणि १४ आठवड्यांना तोंडाने मोफत दिली जाते. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, बाळाची शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुणं, प्यायचं पाणी उकळणं आणि उरलेलं अन्न तासन् तास बाहेर न ठेवणं, या सवयींनी बरेच जुलाब टळतात.

जुलाब रात्री-अपरात्रीही सुरू होतात आणि तेव्हा दुकानं बंद असतात. त्यामुळे मूल असलेल्या घरात जलसंजीवनीची दोन-तीन पाकिटं आधीच आणून ठेवावीत, त्यांची मुदत तपासावी आणि बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला, आजी-आजोबा असोत वा पाळणाघरातल्या ताई, ती कशी कालवायची ते दाखवून ठेवावं.