दिव्यामागचा चेहरा

म्हैसुरास प्रथमच आलेल्या पाहुण्याला अंबाविलास राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन उद्यान दाखवून झाले, की येथील मराठी माणसाची पावले जगन्मोहन राजवाड्याकडे वळतात. तेथील एका चित्रापाशी गप्पा आपोआप थांबतात. एक तरुणी हाती दिवा घेऊन उभी आहे. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून तिने दुसऱ्या हाताचा आडोसा धरला आहे. त्या हाताच्या बोटांतून प्रकाश लालसर होऊन झिरपतो आणि खालून वर जात तिचा चेहरा उजळतो. चित्र मुद्दाम अंधारल्या जागी मांडण्याची रीत असल्याने क्षणभर असे वाटते, की खोलीतला सारा उजेड त्या दिव्याचाच आहे.

हे चित्र राजा रविवर्म्याचे, असे मी कित्येक वर्षे पाहुण्यांना छातीठोकपणे सांगत आलो. ‘मग ही बाई कोण?’ असे कोणी विचारलेच, तर ‘असेल त्या काळची एखादी नटी’ असे सांगून मोकळा होत असे. ही दोन्ही उत्तरे चुकीची होती. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने त्या चुकीचे परिमार्जन करावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

आधी वास्तूविषयी. जगन्मोहन राजवाडा तिसऱ्या कृष्णराज वाडियारांनी १८६१ साली बांधविला. १८९७ मध्ये जुना राजवाडा आगीत भस्मसात झाल्यावर राजकुटुंबाचा मुक्काम येथेच होता, आणि १९०२ साली लॉर्ड कर्झन ह्यांच्या उपस्थितीत चौथ्या कृष्णराजांचा राज्याधिकारग्रहण समारंभही येथेच झाला. १९१५ पासून ह्या वास्तूत चित्रसंग्रह आहे. पुढे त्यास जयचामराजेंद्र वाडियारांचे नाव मिळाले. ह्या संग्रहात रविवर्म्याची अस्सल चित्रे आहेत. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत म्हैसूर दरबारासाठी त्यांनी पौराणिक प्रसंगांवर चित्रे रंगविली होती. तेव्हा त्याच छपराखालचे आणखी एक देखणे स्त्रीचित्र प्रेक्षकांनी त्यांच्याच नावावर मांडले, ह्यात नवल ते काय?

परंतु रविवर्मा १९०६ साली निवर्तले, आणि प्रस्तुत चित्राचा काळ सर्वसाधारणपणे १९४५-४६ सांगितला जातो. शिवाय रविवर्म्याची कीर्ती तैलरंगांवर आणि त्यांवरून छापलेल्या शिळाप्रतींवर उभी आहे, तर हे चित्र जलरंगातले आहे. त्याचे नाव ‘ग्लो ऑफ होप’, आणि चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर.

हळदणकर मूळचे सावंतवाडीचे. जन्म १८८२ चा. संस्थानाने हात दिला आणि ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत आले. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत ते होते, आणि १९६२ साली ललित कला अकादमीने त्यांना आपले सन्माननीय सदस्यत्व दिले. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. तैलरंग त्यांना अवगत होतेच, पण त्यांचा खरा दबदबा जलरंगात.

हा दबदबा किती कष्टाने मिळतो, हे ह्या चित्रावरून ध्यानी यावे. तैलरंगात चुकलेला भाग वाळल्यावर पुन्हा रंगविता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. तेथे उजेड म्हणजे मुळात कोरा ठेवलेला कागद. ज्योतीची जागा आधी मनाशी ठरवून राखावी लागते आणि फिक्याकडून गडदाकडे जावे लागते. एकदा सांडलेला काळोख मागे घेता येत नाही. प्रकाशाचेच चित्र काढावयाचे आणि त्यासाठी असे निष्ठुर माध्यम निवडावयाचे, ह्यातच चित्रकाराचा आत्मविश्वास दिसतो.

आता ती तरुणी. ती नटी असावी हा तर्कही हवेतून आलेला नव्हता. कुलीन स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे जेथे निषिद्ध, तेथे परक्या चित्रकारासमोर बसणे कोठून संमत होणार? मराठी रंगभूमीवर स्त्रीचे सौंदर्य बालगंधर्वांसारखे पुरुष साकारीत होते. १९१३ साली दादासाहेब फाळके ह्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीही अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानेच केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कोवळ्या वयाची कन्या कमलाबाई ह्या मायलेकींनी पडद्यावर येण्याचे धाडस केले. ते किती मोठे होते, हे आज जाणविणेही कठीण. अशा समाजात चित्रातली रूपवती म्हटली, की ती कोणी नटी वा गायिका, असेच लोक धरून चालत.

प्रत्यक्षात ती हळदणकरांची कन्या गीता. दिवाळीच्या दिवसांत हाती दिवा घेतलेली आपली लेक वडिलांच्या नजरेस पडली आणि तेथेच चित्र सुचले, अशी आठवण सांगितली जाते. पुढे त्या गीता उपळेकर म्हणून कोल्हापुरास स्थायिक झाल्या आणि २०१८ साली, वयाची शंभरी ओलांडून, तेथेच निवर्तल्या. चित्रातली मुलगी तरुणच राहिली. तिचा चेहरा ज्यांचा, त्या मात्र इतकी वर्षे कोल्हापुरात नांदत होत्या आणि येथे आम्ही त्यांना अनामिक ठरवीत होतो.

एका थोर नावाच्या तेजात दुसरे नाव झाकोळले जाते, आणि चित्रात बसलेल्या स्त्रीचे तर नावच विचारले जात नाही. रविवर्म्याची थोरवी ह्या एका चित्राने वाढत नाही की घटत नाही. हळदणकरांचे आणि त्यांच्या लेकीचे मात्र त्यामुळे बरेच काही हिरावले जाते. कोकणातला चित्रकार, कोल्हापूरची लेक आणि म्हैसूरची भिंत असा हा धागा आहे. परमुलखात पन्नास वर्षे आपली भाषा जपणाऱ्या मंडळाला तो परका वाटू नये.

म्हणून सभासदांस एक विनंती. पुढच्या खेपेस पाहुण्यांना त्या दिव्यासमोर न्याल, तेव्हा ही दोन नावे अवश्य सांगा. मीही तेच करतो. पूर्वी ज्यांना चुकीचे सांगितले, त्यांपैकी जे भेटतात, त्यांना आता खरे सांगतो.