आंबोली उतरल्यावर

सचिवसाहेबांनी "आपल्या पावसाळी सहलीवर दोन पानं लिहा" असं सांगितलं. सहलीत कोणी काय खाल्लं आणि कोण कुठे घसरलं हे सोसायटीच्या ग्रुपवर फोटोंसकट येऊन गेलं आहे, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. तीन दिवस आपण ज्या मुलखात हिंडलो त्याचा थोडा इतिहास लिहितो. त्यात माझाही एक छोटा भाग आहे. तो फारसा भूषणावह नाही, पण टाळणं बरं नव्हे.

संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत आपली मिनीबस आंबोलीला पोचली तेव्हा धुकं इतकं होतं की ड्रायव्हरच्या शेजारी बसून मी रस्त्याची पांढरी पट्टी मोजत होतो. पुढे दरड पडल्यामुळे दीड तास थांबलो आणि आपल्या महिला मंडळाने तिथेच भेंड्या सुरू केल्या. हा घाट इंग्रजांच्या काळात बांधला गेला तो धबधबे बघण्यासाठी नव्हे. वेंगुर्ला हे तेव्हा नांदतं बंदर होतं. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली होती, तिचे अवशेष आजही आहेत. वेंगुर्ल्याला उतरलेला माल बेळगावच्या लष्करी छावणीपर्यंत चढवायचा तर सह्याद्री ओलांडायला चांगला रस्ता हवा, म्हणून हा घाट.

पण आषाढ लागला की समुद्र खवळायचा आणि बंदर बंद व्हायचं. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारायच्या, ते थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. ज्याची भातशेती असेल तो चिखलात, बाकीचे घरात. कोकण रेल्वे पूर्ण झाली 1998 साली, म्हणजे अगदी काल-परवा. पावसाचे हे तीन-चार महिने कलावंत माणसाने खायचं काय, हा प्रश्न ध्यानात ठेवला तर पुढचं सगळं नीट समजतं.

सावंतवाडीच्या भोसले घराण्याने या प्रश्नाचं उत्तर आपल्या परीने काढलं होतं. तिसरे खेमसावंत (कारकीर्द 1755 ते 1803) यांच्या काळात राजवाडा उभा राहिला आणि कलावंतांना आश्रय मिळाला. समोरचा मोती तलाव नंतरचा, 1874 चा. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये आजही कलाकार बसून गंजिफा रंगवतात, ते आपण पाहिलं. गंजिफा म्हणजे पत्तेच, पण गोल. शब्द फारसी. बाबराने 1527 साली सिंधमध्ये शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफात आठ रंग आणि 96 पानं. आपल्याकडे त्याची दशावतारी गंजिफा झाली. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण 120. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. पाच रंगांत राजा-प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. हे लक्षात ठेवता ठेवताच निम्मा खेळ संपतो. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप, मग रंग, पाठीला लाख. एकेक पान हाताने, तेही 120 वेळा.

दिवसा खेळताना सुरुवात राम करतो, रात्री कृष्ण. त्या दुपारी तीन वाजताच इतकं अंधारून आलं होतं की आता रामाचा मान की कृष्णाचा, यावर आपल्या बी विंगमध्ये वाद लागला. तो अजून मिटलेला नाही.

संस्थान 1948 साली विलीन झालं. कारागीर जिथून पोसले जात होते ते मूळच आटलं. शिवाय छापील बावन्न पत्ते इतके स्वस्त झाले की हाताने रंगवलेला जोड घेणार कोण? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ही कला एखाद-दुसऱ्या वृद्ध चिताऱ्याच्या हातात उरली होती. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी स्वतः शिकायला बसले आणि मग त्यांनी गावातल्या तरुण मुलांना शिकवलं. राज्य गेल्यावर राजवाड्याने केलेलं हे काम मला राज्य असतानाच्या कामापेक्षा मोठं वाटतं.

दुसऱ्या दिवशी कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो. तिथला ठाकर समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतो. चित्रकथीत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रं एकेक करून प्रेक्षकांसमोर धरायची आणि गात गात कथा सांगायची. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, आणि एका आख्यानाच्या अशा संचाला पोथी म्हणतात. वाचायची नव्हे, दाखवायची पोथी! अशीच चित्रं पैठणला सापडल्यामुळे ती 'पैठणी चित्रं' म्हणून ओळखली गेली. आपल्या पुण्यात केळकर संग्रहालयात ती आहेत, पण आपल्यातल्या किती जणांनी पाहिली आहेत ते विचारत नाही.

कोणत्या देवळात कोणत्या घराने कथा सांगायची हे संस्थानने ठरवून दिलं होतं, असं तिथे सांगतात. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत ही कायम ठेव. दरवर्षी ठरलेल्या तिथीला व्याज यायचंच. पावसात पोथी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायची, शेतात राबायचं आणि पाऊस सरला की पुन्हा देवळात जायचं. ठेव मोडली, मग दमट हवेने आणि वाळवीने उरलेलं काम केलं. परशुराम विश्राम गंगावणे यांनी जे वाचलं ते जमवून आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय थाटलं. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या गोठ्यात बाहेर पाऊस कोसळत असताना बाहुलीचा खेळ पाहिला. आपली वरच्या मजल्यावरची लहान मंडळी तासभर मोबाइल विसरली, याला मी साक्षी आहे.

आता माझा भाग. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर लवकरच माझी त्या भागातल्या एका शाखेत बदली झाली. फील्ड ऑफिसर, वय तिशीच्या पुढे, अंगात उत्साह भरपूर. चितार आळीतले एक गृहस्थ कर्ज मागायला आले. लाकडाची फळं आणि खेळणी करायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं. "सायेब, लाकूड उन्हाळ्यात घेऊन सुकवूक व्हया. पावसात ओला लाकूड काय कामाचा? आता पैसे दिलास तर पावसाचे चार म्हयने हात चालती." चार टक्क्यांची डीआरआय योजना होती, पण त्यांचं उत्पन्न मर्यादेच्या थोडं वर जात होतं. दुसऱ्या योजनेत बसवता आलं असतं. त्यासाठी दोन कागद जास्त करावे लागले असते आणि वरिष्ठांना समजवावं लागलं असतं. मी ते केलं नाही. अर्जावर लिहिलं, "बाजारपेठ अनिश्चित. शिफारस करता येत नाही." जाताना त्यांनी एक लाकडी काजू टेबलावर ठेवला. "ऱ्हवांदे, पोरांका खेळूक." तो आमच्या शोकेसमध्ये आजही आहे.

सहलीच्या तिसऱ्या दिवशी तुम्ही सगळे खरेदीत होता तेव्हा मी त्यांचं घर शोधत होतो. एवढ्या वर्षांनी नाव आठवेना, शेरा मात्र अक्षरन् अक्षर आठवत होता. खूण म्हणून दारातला फणस सांगितला, तर दुकानातला मुलगा हसला. "आजोबा, हय फणस सगळ्यांच्याच दारात." शेवटी एका म्हाताऱ्या बाईंना काहीसं आठवलं. तसे एक होते खरे, मुलगे गोव्याला कामाला गेले, घर विकलं. ते हेच गृहस्थ की दुसरे कोणी, ते कळायला मार्ग नव्हता. बसचा हॉर्न वाजला आणि मी परत आलो. उशीर का झाला म्हणून तुम्ही विचारलंत तेव्हा "औषध घ्यायला गेलो होतो" असं सांगितलं, ते खरं नव्हतं.

निघण्याआधी राजवाड्यातून दशावतारी गंजिफाचा एक पूर्ण जोड घेतला. सौ.ने किंमत ऐकून कपाळाला हात लावला. तो जोड आता सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात आहे, किल्ली वॉचमनकडे. नियम मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावले आहेत. खेळायला तीन गडी लागतात. मी आणि ए विंगमधले निवृत्त प्राध्यापक दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता बसतो. तिसरा गडी हवा आहे.