अमेरिकेतले 'प्रो-लाइफ' तरुण: गर्भपाताविरोधात बोलायचं प्रशिक्षण नेमकं कसं असतं?

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या आवारात काही विद्यार्थी टेबल मांडून उभे असतात. शेजारच्या फलकावर प्रश्न असतो, 'गर्भपात कायदेशीर असावा का?' येणाऱ्या-जाणाऱ्याने 'हो' किंवा 'नाही'खाली सही करायची. कुणी 'हो'खाली सही केली की टेबलामागची मुलगी शांतपणे विचारते, "तुम्हाला असं का वाटतं?" पुढच्या संभाषणातलं बरंचसं तिला आधी वर्गात शिकवलेलं असतं. हा पहिला प्रश्नसुद्धा.

गर्भधारणेपासूनच गर्भ हा माणूस असतो आणि म्हणून गर्भपात चुकीचा, असं मानणाऱ्यांना अमेरिकेत 'प्रो-लाइफ' म्हणतात. हा निर्णय स्त्रीचा, असं म्हणणारे 'प्रो-चॉइस'.

निकाल बाजूने लागला, मग प्रशिक्षण कशाला?

१९७३ मध्ये 'रो विरुद्ध वेड' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. त्याविरोधात १९७४ पासून वॉशिंग्टनमध्ये दर जानेवारीत 'मार्च फॉर लाइफ' निघतो. तरुणांसाठी वेगळ्या संघटनाही उभ्या राहिल्या. क्रिस्टन हॉकिन्स २००६ पासून 'स्टुडंट्स फॉर लाइफ ऑफ अमेरिका'चं नेतृत्व करतात. लिला रोझ यांनी 'लाइव्ह अॅक्शन' सुरू केली तेव्हा त्या अवघ्या १५ वर्षांच्या होत्या.

२४ जून २०२२ ला न्यायालयाने 'रो'चा निकाल रद्द केला. चळवळीचं काम संपलं असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. प्रश्न राज्यांकडे गेला, म्हणजे थेट मतदारांच्या दारात. कॅन्ससमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे ५९ टक्के मतदारांनी गर्भपाताच्या हक्काचं संरक्षण कायम ठेवलं. ओहायोमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये जवळपास ५७ टक्के मतांनी हा हक्क राज्यघटनेत गेला. ही दोन्ही राज्यं एरवी रिपब्लिकन पक्षाकडे झुकणारी.

त्यात 'प्यू रिसर्च सेंटर'च्या २०२४ च्या पाहणीत तिशीच्या आतल्या ७६ टक्के अमेरिकनांनी गर्भपात सर्व किंवा बहुतेक प्रसंगी कायदेशीर असावा असं सांगितलं. थोडक्यात, टेबलामागची ती मुलगी स्वतःच्या वर्गातही अल्पमतात असते. तरी टेबल विद्यापीठातच मांडायला कारण आहे. अमेरिकेत गर्भपात करून घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया विशीतल्या असतात.

वर्गात काय शिकवतात?

या प्रशिक्षणातलं एक मोठं नाव म्हणजे 'लाइफ ट्रेनिंग इन्स्टिट्यूट'चे स्कॉट क्लुसेनडॉर्फ. त्यांच्या पद्धतीत धार्मिक वचनं मागे राहतात आणि तर्क पुढे येतो. सगळा वाद एकाच प्रश्नावर आणायचा: गर्भ म्हणजे नेमकं काय? समोरचा म्हणाला, "ती बाई गरीब आहे, मूल कसं वाढवणार?" तर विचारायचं, "दोन वर्षांचं मूल असतं तर गरिबी हे त्याला मारण्याचं कारण ठरलं असतं का?" मग गर्भ आणि जन्मलेलं मूल यांच्यातले चार फरक घ्यायचे. आकार, वाढीचा टप्पा, जागा आणि दुसऱ्यावरचं अवलंबित्व. यातल्या एकानेही माणसाचं मोल कमी होत नाही, हे पटवायचं.

कॅन्ससमधल्या 'जस्टिस फॉर ऑल'चा भर वेगळा आहे. मोकळ्या मनाने प्रश्न विचारा, समजून घेण्यासाठी ऐका, शक्य तिथे सहमती शोधा, ही तीन कौशल्यं ते शिकवतात. वर्ग झाला की विद्यार्थ्यांना अनुभवी कार्यकर्त्यांसोबत विद्यापीठात नेतात आणि अनोळखी लोकांशी बोलायला लावतात. पोहायला शिकवताना पाण्यात उतरवतात, तसंच.

फोटो दाखवायचे का?

या मुद्द्यावर चळवळीतच दोन तट आहेत. 'सेंटर फॉर बायो-एथिकल रिफॉर्म' आणि 'क्रिएटेड इक्वल' या संस्था गर्भपातानंतरच्या अवशेषांचे मोठे फोटो भर चौकात लावतात. लोकांना धक्का बसल्याशिवाय ते विचार करत नाहीत, असा त्यांचा दावा. इतरांच्या मते अशा फोटोंमुळे माणूस तोंड फिरवून निघून जातो. शिवाय समोर थांबलेल्या बाईचा स्वतःचा गर्भपात झालेला असू शकतो. तिच्यासाठी ते फलक म्हणजे वादाचा मुद्दा नसतो.

तर्क कुठे अडतो?

गर्भ हा माणूस आहे असं घटकाभर मानलं, तरी त्याला नऊ महिने स्वतःचं शरीर देण्याची सक्ती करता येते का, असा प्रश्न तत्त्वज्ञ ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९७१ मध्येच विचारला होता. दोन वर्षांच्या मुलाचं उदाहरण इथे पुरत नाही. आणखी एक वास्तव म्हणजे अमेरिकेत गर्भपात करून घेणाऱ्या दहापैकी सुमारे सहा जणी आधीच आई असतात. मूल म्हणजे काय, हे त्यांना फलकावरून कळायचं नसतं.

सगळ्यात अवघड प्रश्न आईच्या जिवाचा. मूळच्या बेळगावच्या दंतवैद्य सविता हालप्पनवार आयर्लंडमध्ये १७ आठवड्यांच्या गरोदर होत्या. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, पण हृदयाचे ठोके सुरू असल्याने गर्भपात नाकारला गेला. जंतुसंसर्गाने २८ ऑक्टोबर २०१२ ला त्यांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी आईचा जीव वाचवणारे उपचार आपल्याला मान्यच आहेत, असं प्रो-लाइफ संघटना सांगतात. पण मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के आयरिश मतदारांनी गर्भपातबंदीचं घटनेतलं कलम हटवलं.

कुठे उभं राहायचं, हेही कायद्यात

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार क्लिनिकची वाट अडवणं गुन्हा आहे. कोलोरॅडोत क्लिनिकजवळ परवानगीशिवाय कुणाच्या आठ फुटांच्या आत जाऊन पत्रक देता येत नाही. पण मॅसॅच्युसेट्सने ३५ फुटांचा सरसकट पट्टा आखला, तेव्हा २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. शांतपणे बोलू पाहणाऱ्यांचीही त्यात अडवणूक होते, असं कारण दिलं. ब्रिटन अधिक कडक आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर २०२४ पासून क्लिनिकच्या १५० मीटर परिसरात कुणाच्या निर्णयावर प्रभाव टाकणं हा गुन्हा आहे.

तसाही क्लिनिकबाहेरचा फूटपाथ आता पूर्वीइतका महत्त्वाचा राहिलेला नाही. 'गुटमाखर इन्स्टिट्यूट'नुसार २०२३ मध्ये अमेरिकेतले ६३ टक्के गर्भपात गोळ्यांनी झाले, आणि गोळ्या टपालानेही घरी येतात.

भारतात हाच वाद आहे का?

या वादाच्या अमेरिकी रील्स इथेही फिरतात, पण आपल्याकडचा प्रश्न वेगळा आहे. भारतात १९७१ पासून ठरावीक अटींवर गर्भपात कायदेशीर आहे. २०२१ च्या दुरुस्तीने काही गटांसाठी मर्यादा २४ आठवडे झाली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही त्यात घेतलं. मराठीत 'भ्रूणहत्या' म्हटलं की डोळ्यासमोर येते ती मुलगी नको म्हणून केलेली हत्या. त्याविरोधात देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. त्यासाठी मुंबईत लढलेल्या स्त्री-संघटनांचा विरोध गर्भलिंगनिदानाला होता. सुरक्षित गर्भपाताच्या हक्काच्या मात्र त्या बाजूने होत्या.