काळी मासी

आमच्या धंतोलीत आता दवाखाने दिसतात, कोंबडं आरवताना ऐकू येत नाही. पण ढाब्यांच्या पाट्यांवर हल्ली 'कडकनाथ' असतो, म्हणून त्याची ही थोडी हकिकत.

हा कोंबडा मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धारकडचा, भिल्ल-भिलालांच्या अंगणातला. त्याचं मांस काळं, म्हणून तिकडे त्याला 'कालीमासी' म्हणतात. कातडी आणि हाडंही काळीच. दिवाळीनंतर देवीपुढे याचा मान असतो. दूर व्हिएतनामच्या डोंगरात ह्मोंग लोकही काळ्या हाडाची कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या राखून आहेत. असा काळेपणा २०व्या गुणसूत्रातल्या एकाच फेरफारामुळे येतो, असं शास्त्रज्ञ सांगतात.

खाणारे वाढले, संकर होऊ लागला आणि अस्सल कडकनाथ कमी झाला. १९७८ साली झाबुआत सरकारी पैदास केंद्र निघालं. पुढे छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही हक्क सांगितला, पण २०१८ साली भौगोलिक मानांकन झाबुआला मिळालं.

लगेच २०१९ साली आपल्या सांगलीकडे 'पिल्लं घ्या, अंडी आम्ही विकत घेऊ' अशी योजना बुडाली आणि हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले. तिथे कोंबडी पाळायची नव्हती, रक्कम वाढवायची होती.

मला वाटतं, मानांकनाने फक्त नाव राखलं जातं. जात राखते ती अंगणात दाणे टाकणारी बाई. सणाला कोंबडा कापतानाही चांगला एक पैदाशीसाठी मागे ठेवायचा, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. केंद्रातलं अस्सल पिल्लू आधी तिच्या अंगणात पोचावं, ढाब्यावर नंतर.