वजनवाढ, बेरियाट्रिक शस्त्रक्रियेनंतरची

लठ्ठपणा कमी करण्यासाठी जठरावर, किंवा जठर व लहान आतडे या दोहोंवर, शस्त्रक्रिया केल्यानंतर वजन उतरते, एका तळाला पोचते आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा चढू लागते. या चढाला शस्त्रक्रियोत्तर वजनवाढ म्हणतात. मुळातच वजन पुरेसे न उतरणे ही निराळी अवस्था आहे. रुग्ण व त्यांचे नातेवाईक मात्र दोन्हींना ‘ऑपरेशन फेल गेलं’ असेच म्हणतात. हे म्हणणे बहुतेक वेळा चुकीचे असते आणि त्याची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. ‘आता डॉक्टरांना तोंड कसं दाखवू’ या संकोचाने तो तपासणीला जाणे सोडतो आणि ज्या काळात उपाय सोपे असतात तो काळ हातून जातो.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या सहा महिन्यांत वजन झपाट्याने उतरते, पुढे वेग मंदावतो आणि साधारण एक ते दोन वर्षांत तळ येतो. नंतर थोडा चढ येऊन वजन बरेचसे स्थिरावते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या प्रदीर्घ अभ्यासात हे स्पष्ट दिसते. गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला जोडणे) झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले होते. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के आणि पंधरा वर्षांनी २७ टक्के होती. जठराला पट्टा बसवलेल्यांत हेच आकडे २०, १४ व १३ टक्के होते. त्या अभ्यासात बायपासचे रुग्ण थोडे होते, बहुतेकांवर आता मागे पडलेल्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या, पण आलेखाचा आकार सगळीकडे सारखाच आला. अमेरिकेतील यूटा राज्यातील बायपास रुग्णांचे वजन दोन वर्षांनी सरासरी ४५ किलोंनी कमी होते, सहा वर्षांनी सुमारे ३६ किलोंनी आणि बारा वर्षांनी ३५ किलोंनी. म्हणजे परत आलेले वजन मुख्यतः दुसऱ्या ते सहाव्या वर्षांमधले आहे. काही किलोंची वाढ हा या शस्त्रक्रियेचा स्वाभाविक मार्ग असतो. ही गोष्ट शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे.

किती वाढीला ‘वजनवाढ’ म्हणायचे यावर दीर्घकाळ एकमत नव्हते. १६० सेंटिमीटर उंचीची एक स्त्री १२० किलोंवरून ८० किलोंवर आली आणि पाच वर्षांनी तिचे वजन ९१ किलो भरले, असे समजू. तळापासून १० किलो वाढ ही मर्यादा धरली, तर तिची गणना वजनवाढीत होते. उतरलेल्या वजनाचा चतुर्थांश भाग परत येणे ही कसोटी लावली तरी होते. मात्र बीएमआय (उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक) पाच अंकांनी वाढण्याची अट घातली, तर होत नाही, कारण तिचा बीएमआय साडेचार अंकांनीही वाढलेला नाही. अलीकडे तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने उतरलेल्या वजनापैकी ३० टक्क्यांहून अधिक वजन परत येणे ही मर्यादा सुचवली आहे. तिच्यातही ही स्त्री बसत नाही. अमेरिकेतील बायपास रुग्णांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेह, रक्तदाब व जीवनमान यांच्याशी सर्वांत चांगला मेळ याच प्रकारच्या, म्हणजे उतरलेल्या वजनाच्या टक्केवारीत मोजलेल्या, वाढीचा लागला. एक गोष्ट मात्र कोणतीही व्याख्या सांगत नाही : ही स्त्री शस्त्रक्रियेच्या दिवशी होती त्यापेक्षा अजून २९ किलोंनी हलकी आहे. तिला स्वतःला, आणि लग्नसमारंभात भेटणाऱ्या प्रत्येकाला, फक्त वाढलेले ११ किलो दिसतात.

कारणांचा विचार शरीरापासून सुरू करावा लागतो, इच्छाशक्तीपासून नव्हे. वजन उतरले की शरीर त्याला उपासमार समजते. विश्रांतीत खर्च होणारी ऊर्जा घटते, आणि शरीर लहान झाल्यामुळे जेवढी घटायला हवी त्याहूनही काहीशी अधिक घटते. भूक वाढवणारी संप्रेरके वर जातात, तृप्ती देणारी खाली येतात. केवळ आहार कमी करून वजन उतरवलेल्यांत हा बदल वर्षभरानंतरही टिकून असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली दाखवले. बेरियाट्रिक शस्त्रक्रियेचे खरे बळ हे की ती या प्रतिकाराला काही अंशी लगाम घालते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा वरचा घुमटासारखा भाग काढला जातो आणि भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तेथेच तयार होते. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचते, त्यामुळे जीएलपी-१ सारखी तृप्तीची संप्रेरके जेवणानंतर भरपूर स्रवतात. पण लगाम म्हणजे इलाज नव्हे. लठ्ठपणा हा दीर्घकालीन आजार असून शस्त्रक्रियेनंतरही तो शरीरात राहतो. त्यात वजनाबरोबर स्नायूही झडलेले असतील, तर ऊर्जेचा खर्च आणखी कमी होतो.

शरीररचनेतील कारणे त्यामानाने कमी रुग्णांत सापडतात, पण ती शोधावी लागतात. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी किंवा तिचा आतड्याशी असलेला जोड सैलावतो. जोड रुंद झाला की अन्न लवकर खाली उतरते आणि पोट भरल्याची जाणीव टिकत नाही. क्वचित पिशवी व बाजूला ठेवलेले जठर यांच्यात नवी वाट तयार होते. स्लीव्हमध्ये नळीसारखे उरलेले जठर कालांतराने फुगते, किंवा मूळ शस्त्रक्रियेत घुमटाचा काही भाग राहून गेलेला असतो. स्लीव्हनंतरच्या आम्लपित्ताकडे विशेष लक्ष हवे. फिनलंडमध्ये स्लीव्ह व बायपास यांची दहा वर्षे तुलना झाली, तेव्हा अन्ननलिकेचा दाह स्लीव्हच्या ३१ टक्के रुग्णांत आढळला, तर बायपासच्या ७ टक्के. छातीत जळजळणारा माणूस मऊ, गुळमुळीत पदार्थांकडे वळतो आणि वजन नकळत चढते. बायपासच्या काही रुग्णांत गोड वा पिठूळ खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातील साखर घसरते; घाम फुटतो, हात थरथरतात, आणि ते थांबवण्यासाठी पुन्हा गोड खाल्ले जाते. हे चक्र चालू असताना रुग्णाला खादाड ठरवणे हा अन्याय आहे.

लहान झालेल्या जठराला भाकरी-उसळ किंवा मांसाचा तुकडा जड जातो, पण चहा-बिस्किट, फरसाण, चुरलेला चिवडा, शिरा, आइस्क्रीम आणि उसाचा रस विनासायास उतरतो. एका बैठकीत थोडेच खाल्ले जात असल्याने माणसाला आपण फार खात नाही असे प्रामाणिकपणे वाटते; दिवसभराचे ‘येता-जाता चार दाणे’ तो धरत नाही. महाराष्ट्रातील आहारात आणखी एक अडचण आहे. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, वरणभात या रोजच्या पदार्थांत प्रथिने कमी आणि पिष्ट जास्त. उपवासाच्या दिवशी तर प्रथिनांचा जवळजवळ दुष्काळ असतो. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. ती डाळींतून भरून काढायची, तर शाकाहारी माणसाच्या छोट्या जठरात तेवढी डाळ मावत नाही. म्हणून पनीर, घट्ट दही, सोयाबीन, आणि चालत असतील तर अंडी व मासे, हे ताटात आधी आणि भात-पोळी शेवटी, असा क्रम लावावा लागतो. जेवताना पाणी पिऊ नये हा नियमही दोन-तीन वर्षांनी विसरला जातो. घास पाण्याबरोबर ढकलला की पिशवी लवकर रिकामी होते.

याखेरीज गर्भारपण, रजोनिवृत्ती, थायरॉइडची कमतरता, गुडघेदुखीमुळे थांबलेले चालणे, अपुरी झोप हेही वजन वाढवतात. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरील काही औषधांनी वजन वाढते. ती स्वतःहून बंद करू नयेत, पर्याय डॉक्टरांना विचारावा. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर व जास्त प्रमाणात चढते, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षापासून मद्यासक्तीचे प्रमाण वाढल्याचे अमेरिकी अभ्यासात आढळले आहे. मनाच्या जखमा शस्त्रक्रियेने बऱ्या होत नाहीत. दुःखात किंवा एकटेपणात खाण्याचा आधार घेणाऱ्याचा तो आधार जठरासोबत कापला जातो आणि त्याजागी दुसरे काही दिले जात नाही. आपल्याकडच्या शस्त्रक्रियोत्तर काळजीतील हा सर्वांत दुबळा भाग आहे.

वजन तळापासून पाच-सहा किलो वाढून वाढतच राहिले, तर वर्षभर वाट न पाहता शस्त्रक्रिया झालेल्या ठिकाणी, किंवा तिथे जाणे नकोसे वाटत असेल तर दुसऱ्या बेरियाट्रिक केंद्रात, जावे. मूळ शस्त्रक्रियेचा अहवाल सोबत असावा. आठवडाभराच्या खाण्याची नोंद, रक्ततपासण्या, औषधांची यादी आणि गरजेनुसार एन्डोस्कोपी किंवा बेरियमची चित्रतपासणी, एवढ्यावर बहुतेक कारणे उलगडतात. समाजमाध्यमांवर फिरणारे ‘पाच दिवसांत पोट पुन्हा लहान करा’ असे पातळ आहाराचे उपाय निरुपयोगी आहेत. सैल झालेले जठर पातळ खाण्याने आकसत नाही. आहाराची घडी पुन्हा बसवणे आणि वजने उचलण्यासारखे स्नायू राखणारे व्यायाम या गोष्टी पहिल्या, पण वाढ बरीच झाली असेल तर त्या सहसा एकट्या पुरत नाहीत, आणि पुरल्या नाहीत म्हणून रुग्णाला दोष देऊ नये.

औषधांनी गेल्या काही वर्षांत चित्र पालटले आहे. लंडनमध्ये, शस्त्रक्रियेचा पुरेसा गुण न आलेल्या रुग्णांवर लिराग्लुटाइडची चाचणी झाली. २४ आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी सुमारे ९ टक्क्यांनी उतरले, तर औषधरहित टोचणी मिळालेल्यांचे एक टक्काही नाही. याहून प्रभावी टिर्झेपटाइड व सेमाग्लुटाइड ही आठवड्यातून एकदा टोचायची औषधे वजन कमी करण्यासाठी भारतात २०२५ साली उपलब्ध झाली. ती शस्त्रक्रियेला पूरक ठरतात, कारण बायपास ज्या संप्रेरकांवर काम करते त्याच मार्गाने तीही जातात. औषध थांबवल्यावर उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, त्यामुळे खर्चाचा विचार महिन्यांत नव्हे तर वर्षांत करावा लागतो. आधीच कमी खाणाऱ्या रुग्णाची भूक आणखी मेली, तर प्रथिने व पाणी दोन्ही कमी पडतात. म्हणून देखरेख हवीच.

जोड रुंद झाला असेल, तर तोंडावाटे दुर्बीण घालून आतून टाके घेऊन किंवा कडा भाजून तो अरुंद करता येतो. पोट उघडावे लागत नाही. दुसरी मोठी शस्त्रक्रिया, उदाहरणार्थ स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर, आम्लपित्ताचा त्रास असेल तेव्हा विशेष सयुक्तिक ठरते. केवळ वजनासाठी ती करताना दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात : गळतीसारख्या गुंतागुंतींचा धोका पहिल्या खेपेपेक्षा जास्त असतो आणि उतरणारे वजन सहसा कमी असते. विम्याचाही प्रश्न आहे. भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेसाठी बीएमआय ४०, किंवा गंभीर सहआजार असल्यास ३५, लागतो. उतरलेले अर्धे वजन परत येऊन बीएमआय ३३ वर अडकलेला रुग्ण त्यात बसत नाही.

वजन परत आले म्हणून आतड्याचे शोषण पूर्ववत होत नाही. बायपास झालेल्याला बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व ही पूरके आयुष्यभर घ्यावी लागतात, स्लीव्ह झालेल्यालाही बी-१२ आणि लोहावर लक्ष ठेवावे लागते. तपासणी सुटली की बहुधा गोळ्याही सुटतात. मग वाढलेल्या वजनाच्या माणसात पायांना मुंग्या, धाप, केस गळणे, हाडांची दुखणी दिसू लागतात, आणि अंग भरलेले असल्यामुळे कुपोषणाची शंका घरच्यांना येत नाही, कधी कधी डॉक्टरांनाही येत नाही.