मागच्या पानापासून वाचणारे

परवा एका मित्राचा फोन. कोल्हापुरातच छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे त्याची. "फ्रेशर पायजे तेवढे मिळत्यात रे, पण पाच-सात वर्षं जावात काम केलेला एक गडी गावंना झालाय. ऑनलाइन शोधू तरी कुठं?"

उत्तर द्यायचं सोडून मी त्याला इतिहास सांगत बसलो. (खोडच आहे ती!)

१९९० च्या आसपास संजीव बिखचंदानी हॉर्लिक्सवाल्या कंपनीत मार्केटिंगमध्ये होते. ऑफिसात 'बिझनेस इंडिया' आलं की सगळे ते मागच्या पानापासून वाचायचे, कारण नोकऱ्यांच्या जाहिराती मागे असायच्या. आता गंमत बघा, यातलं कुणीच बेकार नव्हतं. चांगल्या पगाराची माणसं, अर्ज करत नव्हती, पण नजर मात्र जाहिरातींवर! पुढे १९९६ मध्ये दिल्लीच्या एका प्रदर्शनात त्यांनी इंटरनेट पाहिलं आणि डोक्यात ट्यूब पेटली. अमेरिकेतल्या भावाच्या मदतीनं तिथला सर्व्हर भाड्यानं घेतला, पेपरांतल्या जाहिराती टाइप करून चढवल्या आणि १९९७ मध्ये 'नोकरी डॉट कॉम' सुरू झालं. तेव्हा आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती.

२००३ मध्ये लिंक्डइन आलं. २००८ मध्ये गिटहब आणि स्टॅक ओव्हरफ्लो आले, आणि रेझ्युमेऐवजी माणसाचा कोडच बघायची सोय झाली. (स्टॅक ओव्हरफ्लोचा नोकऱ्यांचा विभाग २०२२ मध्ये बंद पडला.) पण मला सगळ्यात भारी वाटते ती लिंक्डइनची २०१६ ची सोय. 'मी नोकरी बदलायला तयार आहे' हे बाहेरच्या रिक्रूटरना दिसतं, स्वतःच्या कंपनीतल्यांपासून शक्यतो लपवलं जातं. म्हणजे मागच्या पानापासून वाचणंच की हे!

असो. मित्राला म्हटलं, अर्जांची वाट बघू नकोस, अनुभवी माणूस अर्ज करत नसतो. आणि शोधताना गावाच्या रकान्यात कोल्हापूर टाकू नकोस. लिंक्डइनवर शिवाजी विद्यापीठाचं, केआयटीचं पान उघड, माजी विद्यार्थी बघ आणि राहण्याचं ठिकाण पुणे निवड. आपली माणसं तिथं सापडतील. त्यातली कितीतरी परत यायचं म्हणत असतात, विशेषतः आईवडील थकले की.

"आणि मेसेजात काय लिहू?"

"पगाराचा आकडा. पुण्याएवढा देणार का?"

पलीकडून जरा वेळ आवाजच आला नाही.