कुत्र्याची कोरडी त्वचा आणि चमचाभर तेल: एका प्रयोगाची गोष्ट

घरातल्या लहान कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवला की पांढरा कोंडा उडतो, केस राठ लागतात, चमक गेलेली असते. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं अंघोळ कमी घाला, कुणी म्हणतं खोबरेल लावा आणि कुणी तरी हमखास सांगतं, "जेवणात चमचाभर तेल घाला." या शेवटच्या सल्ल्यामागे बऱ्यापैकी मोठा इतिहास आहे. संशोधनाकडे वळणाऱ्यांनी तो वाचावा असं मला वाटतं, कारण त्यात एक नकारात्मक निष्कर्ष आहे, एक चुकीचा निवडलेला नमुना आहे आणि आज परवानगी मिळणार नाही असा एक अभ्यासही आहे.

मेद म्हणजे फक्त इंधन?

1920 च्या दशकात मेदाकडे मुख्यतः ऊर्जेचा साठा म्हणून पाहिलं जाई. शरीर पिष्टमय पदार्थांपासून मेद बनवू शकतं, मग तो बाहेरून घ्यायची गरज काय? ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी 1920 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून सावध निष्कर्ष काढला होता: खऱ्या मेदाची गरज असलीच, तर ती अगदी थोडी असणार. मेदासोबत येणारी जीवनसत्त्वं वेगळी दिली की काम भागतं, असं दिसत होतं.

मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने ही "अगदी थोडी" गरज नेमकी किती, हे तपासायला घेतलं. त्यांची खरी करामत आहाराच्या शुद्धतेत आहे. शुद्ध केलेलं केसीन, साखर, क्षार, मेद काढून टाकलेलं यीस्ट. अ आणि ड जीवनसत्त्वं तर हवीतच, पण ती माशाच्या तेलातून येतात. म्हणून त्या तेलातला मेदाम्लांचा भाग काढून उरलेला अंशच वापरला. म्हणजे "मेद नाही" असं नुसतं लिहिलं नाही, तो खरंच नाही याची तजवीज केली.

1929 मध्ये त्यांनी निकाल छापला. उंदरांची वाढ थांबली, शेपटीवर खवले आले, पाय सुजले, केस गळले, मूत्रपिंडं बिघडली. 1930 च्या लेखात पुढचा टप्पा आला: संपृक्त मेदाम्लं देऊन काही होत नाही, लिनोलिक आम्ल दिलं की उंदीर बरे होतात. यातून "अत्यावश्यक मेदाम्ल" ही कल्पना रुजली.

एक निरीक्षण त्यांनी नोंदवलं होतं, ज्याचा अर्थ नंतर लागला. हे उंदीर पाणी खूप पीत. पण ते लघवीवाटे तेवढं बाहेर पडत नव्हतं. मग जात कुठे होतं?

सहा महिने काहीच झालं नाही

उंदरात दिसलं, पण माणसात? त्याच विद्यापीठात विल्यम ब्राउन या संशोधकाने स्वतःवर प्रयोग केला. सहा महिने अत्यल्प मेद असलेला आहार घेतला. 1938 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: त्वचेला काही झालं नाही. उलट त्यांची अर्धशिशी थांबली.

आता तुम्ही त्या काळचे विद्यार्थी आहात असं समजा. काय निष्कर्ष काढाल? "माणसाला लिनोलिक आम्ल लागत नाही" हा सोपा निष्कर्ष समोरच आहे, आणि प्रौढ माणसाच्या बाबतीत असं मत बराच काळ टिकलंही. पण प्रौढ माणसाच्या चरबीत आधीच लिनोलिक आम्ल साठलेलं असतं आणि ते फार हळूहळू संपतं. बर यांचे उंदीर मात्र नुकते दूध तुटलेले, वाढत्या वयाचे होते. त्यांच्याकडे साठा नव्हता आणि गरज जास्त होती. ब्राउन यांच्या ताटातून मेद गेला होता, शरीरातून नाही. प्रयोगाने मोजायचं होतं एक आणि मोजलं गेलं दुसरंच.

मग कुत्रे का?

ब्राउन यांच्या लेखात आरिल्ड हॅन्सन हेही सहलेखक होते. ते बालरोगतज्ज्ञ. इसब असलेल्या बाळांच्या रक्तातल्या मेदाम्लांमध्ये असंपृक्तता कमी असते, हे त्यांनी 1933 मध्येच मांडलं होतं. त्यांना उंदीर आणि बाळ यांच्या मधला एखादा प्राणी हवा होता. त्यांनी कुत्र्याची पिल्लं घेतली.

हॅन्सन आणि हिल्डा वीझ यांचा पहिला अहवाल 1943 चा. नंतर हॅन्सन टेक्सास विद्यापीठात, गॅल्व्हस्टनला गेले आणि 1951 मध्ये सविस्तर तुलना आली: एका गटाला मेदयुक्त आहार, दुसऱ्याला मेदाशिवाय. मेदाशिवायच्या पिल्लांची त्वचा कोरडी पडली, कोंडा सुटू लागला, केस राठ झाले. सूक्ष्मदर्शकाखाली त्वचेचा वरचा थर जाड झालेला दिसला. आज पशुवैद्य कोरड्या, कोंडा सुटणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत आहाराची चौकशी करतात, त्याची मुळं या कामापर्यंत जातात.

कुत्र्यांनंतर हॅन्सन बाळांकडे परतले. 1963 मध्ये 428 बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळा मेद असलेली दुधाची मिश्रणं दिली होती. ज्यांना लिनोलिक आम्ल जवळजवळ मिळालंच नाही, त्यांच्यात कोरडी, सोलवटणारी त्वचा दिसली आणि ते आम्ल दिल्यावर ती सुधारली. शास्त्रीय उत्तर मिळालं. पण कमतरता होईल असा अंदाज असताना बाळांना तो आहार देणं, हे आज कुठलीही नैतिकता समिती मान्य करणार नाही. माणसांवरील संशोधनाबद्दलचा हेलसिंकी जाहीरनामा त्याच्या पुढच्या वर्षीचा, 1964 चा. आपण बाळांच्या आहारात लिनोलिक आम्ल असतं याबद्दल निश्चिंत असतो, त्या ज्ञानाची किंमत त्या पिल्लांनी आणि बाळांनी मोजली. हे वाक्य तुमच्या प्रबंधात येणार नाही, पण प्राण्यांच्या वापराचा अर्ज भरताना "किती प्राणी आणि का" हा रकाना येतो, तेव्हा आठवावं.

पाणी कुठे जात होतं?

उत्तर: त्वचेतून. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये मेदाचा गिलावा असतो. या गिलाव्यातल्या सेरामाइड नावाच्या काही रेणूंना लिनोलिक आम्ल जोडलेलं असतं. त्याच्याशिवाय गिलाव्याचे थर नीट बसत नाहीत आणि पाणी उडून जातं. 1975 मध्ये प्रॉटी आणि सहकाऱ्यांनी कमतरता असलेल्या रुग्णांच्या त्वचेवर सूर्यफुलाचं तेल लावलं आणि त्वचा सुधारली. म्हणजे तेलाने नुसता ओलावा झाकला गेला नव्हता, रचनेचं सामान पोचलं होतं.

इथे खोबरेलाचा मुद्दा येतो. खोबरेल तेलात लिनोलिक आम्ल साधारण 2 टक्केच असतं. नेहमीच्या सूर्यफूल तेलात ते निम्म्याहून जास्त आणि आपल्याकडच्या करडई तेलात त्याहूनही अधिक. खोबरेल वरून मऊपणा देईल, पण कमतरता भरून काढणार नाही.

आज चमचाभर तेल घालावं का?

अमेरिकेतल्या आहार-निकषांनुसार प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या किमान 1.1 टक्का लिनोलिक आम्ल लागतं, वाढत्या पिल्लासाठी 1.3 टक्का. या निकषात बसणारं खाद्य ताजं असेल तर कमतरता सहसा नसते. मग कोरडेपणाचं कारण दुसरीकडे शोधायला हवं: वारंवार शाम्पू, माइट, बुरशी, थायरॉइड, जस्ताची कमतरता. भातावर किंवा कोरड्या चपातीवर वाढणाऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी.

शिवाय आकाराचा हिशेब आहे. 3 किलोच्या कुत्र्याला दिवसाला ढोबळमानाने 200 ते 250 किलोकॅलरी लागतात. एका छोट्या चमच्यात, म्हणजे 5 मिलिलिटर तेलात, सुमारे 40. चमचा तोच, पण लॅब्रॅडॉरच्या ताटात तो किरकोळ आणि या कुत्र्याच्या ताटात दिवसाच्या ऊर्जेचा पाचवा-सहावा हिस्सा. तेव्हा काही थेंबांपासून सुरुवात आणि आधी पशुवैद्याचा सल्ला.

तुमच्या स्वतःच्या प्रयोगासाठी ब्राउन यांचं उदाहरण टेबलावर ठेवा. एखादी गोष्ट काढून टाकून परिणाम बघणार असाल, तर नमुन्यात तिचा साठा आधीपासून किती आहे आणि तो संपायला किती दिवस लागतात, हे आराखड्यात पहिल्या पानावर लिहा. "परिणाम दिसला नाही" हे वाक्य त्यानंतरच लिहिता येतं.